वाचकांचे प्रश्न : गायरानावर झाडे लावावीत का?

प्रश्न : आमच्या गावच्या गायरानावर येत्या पावसाळ्यात रोपे लावण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येणार आहे. पक्षिनिरीक्षण करणाऱ्या काही तरुणांचा त्याला विरोध असून ‘माळ आहे तसाच राहू द्या’ असे ते म्हणतात. ओसाड जमिनीवर झाडे लावल्याने पक्ष्यांचे नुकसान कसे होईल?
— एक वाचक, करमाळा तालुका, जि. सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘ओसाड’ हे विशेषण सरकारी दप्तरातही फार जुने आहे. इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नसे ती पडीक म्हणून नोंदली गेली, आणि आजही देशातील पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळांचा मोठा हिस्सा त्याच सदरात मोडतो. प्रत्यक्षात सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्व भागातील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जेथे पाऊस बेताचा आणि मुरमावरची माती वीतभरच असते, तेथे पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवतेच नैसर्गिकरीत्या टिकतात. तेथे घनदाट वृक्षराजी पूर्वी होती आणि ती तोडली गेली म्हणून माळ झाला, असे सरसकट समजणे चुकीचे आहे.

या माळावरचे चंडोल, धाविक, पखुर्डी, लावे आणि तणमोर जमिनीवरच अंडी घालतात. चहूबाजूंनी मोकळी दृष्टी आणि अंड्यांचा मातीशी मिळताजुळता रंग हेच त्यांचे संरक्षण असल्यामुळे तेथे झाडे उभी राहिली की कावळ्यांना व शिकारी पक्ष्यांना टेहळणीची जागा मिळते, आणि सावली दाट होत गेली की खालचे गवतही विरळ होते. पावसाळ्यात तणमोराचा नर मादीला दिसावे म्हणून गवताच्या वर उसळ्या मारतो. झाडोऱ्यात त्या उसळीला काही अर्थच उरत नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी दिवसा नाकतोडे टिपतात आणि रात्री थव्याने गवतातच मुक्काम करतात. खुद्द सोलापूरजवळच्या नान्नजच्या, माळढोक या माळावरच्या मोठ्या, दुर्मीळ पक्ष्यासाठी राखलेल्या अभयारण्याच्या परिसरातही एके काळी गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

याचा अर्थ माळाला कुंपण घालून मेंढ्या हाकलून द्याव्यात असा मात्र नाही. धनगरांचे कळप फिरते असत आणि थोड्या चराईने गवत फुटून येते. जागा आक्रसल्यामुळे तेच तेच तुकडे वर्षभर चरले जातात, ही खरी अडचण आहे. गायरानाचे दोन-तीन भाग पाडून पाळीपाळीने चारावेत, गवत बी पडून गेल्यावर कापावे आणि उन्हाळ्यात वणवा लावू नये. रोपे लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, बांधांवर, रस्त्याच्या कडेला आणि शाळेच्या आवारात लावावीत. ग्रामसभेत हा पर्याय मांडल्यास चाऱ्याच्या कारणासाठी तरी तो पटण्यासारखा आहे.

प्रश्न : माळढोक महाराष्ट्रात पुन्हा दिसू लागेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नजीकच्या काळात तशी आशा धरणे कठीण आहे. 1979 साली स्थापन झालेल्या नान्नजच्या अभयारण्याचे कागदोपत्री क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटर होते, ते पुढे सुमारे 1,200 पर्यंत घटवण्यात आले. पण एवढ्या मोठ्या रेषेच्या आत शेते, गावे आणि रस्तेच अधिक होते व खरा माळ विखुरलेल्या तुकड्यांतच होता. देशात हा पक्षी आता दीडशेच्या आसपासच असून बहुतेक सर्व राजस्थानात आहेत. मादी एका वेळी सहसा एकच अंडे घालते, त्यामुळे मेलेल्या पक्ष्यांची भरपाई फार सावकाश होते. जड शरीर आणि समोरचे कमी दिसणारे डोळे यांमुळे विजेच्या तारांवर आदळून मोठे पक्षीही मरतात. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा येथील केंद्रांत पिल्ले वाढवली जात आहेत. मात्र ती पुढे दख्खनमध्ये सोडायची झाल्यास तारांविना आणि नांगराविना सलग माळ लागेल, आणि तसा माळ सध्या सोलापूर भागात कोठेही पुरेसा उरलेला नाही.