भाजलेल्या पेशंटचे रिपोर्ट: आधी पहिल्या हॉस्पिटलातून सगळे कागद काढा

दादा, तुमची पोस्ट वाचली. वडील ५६ वर्षांचे, सिलेंडरच्या भडक्यात ४२ टक्के भाजलेत, नशिबाने धूर आत गेला नाही, तालुक्याच्या हॉस्पिटलातून काल बर्न सेंटरला हलवलंत, आज चौथा दिवस, प्लेटलेट्स ६२ हजार, पीसीटी (प्रोकॅल्सिटोनिन, इन्फेक्शनचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८, आणि तुम्ही विचारताय की यावरून वाचतील की नाही ते कळतं का. माझ्या धाकट्या दिराचं जवळपास असंच झालं होतं म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, लॅबमधलीही नाही, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून जे कानावर पडलं आणि नंतर विचारून विचारून जे समजलं तेवढंच. उपचाराचं तिथले डॉक्टर सांगतील तेच खरं.

सरळ सांगते, एका दिवसाच्या दोन आकड्यांवरून कोणालाही काही सांगता येत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, व्हॉट्सॲपवरचे काका-मामा धरून. डॉक्टर आधी बघतात वय, किती टक्के भाजलं, आणि श्वासनलिकेत धूर गेला का. वय अधिक टक्के, धूर गेला असेल तर वर १७, याला रिव्हाइज्ड बो स्कोअर म्हणतात. तुमच्या बाबांची बेरीज होते ९८. पूर्वी बेरीज शंभराकडे गेली की आशा सोडायचे, आता चांगल्या सेंटरमधून त्याच्या वरचेही पेशंट घरी जातात. रक्ताचे रिपोर्ट या बेरजेच्या जोडीला धरायचे, तिच्या जागी नाही.

आता प्लेटलेट्स. मोठ्या भाजण्यात त्या पहिल्या तीन-चार दिवसांत पडतातच, सलाइनचा मारा असतो, जखमेत खपतात, मग हळूहळू चढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट नॉर्मलच्याही वर जातात. काळजी कधी, तर चढायला हव्यात तेव्हा चढल्याच नाहीत किंवा चढून परत घसरल्या. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ साली बर्नमधल्या सेप्सिसची (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागतात त्याची) लक्षणं ठरवली त्यातही एक लाखाच्या खालच्या प्लेटलेट्स धरल्यात, पण सुरुवातीचं सलाइनचं संपून तीन दिवस झाल्यानंतरच्याच. म्हणजे तुमचे ६२ हजार हा उतार आहे की चढ, हे कालचा-परवाचा आकडा हातात असल्याशिवाय कसं कळणार?

इथेच आमची वाट लागली. पहिल्या हॉस्पिटलने (नाव घेत नाही) हलवताना एक अर्धं पान दिलं, चाळीस टक्के बर्न्स, सलाइन आणि अँटिबायोटिक दिलं, पुढे पाठवत आहोत, खाली न वाचता येणारी सही. बस. पहिल्या २४ तासांत किती लिटर सलाइन गेलं, लघवी किती झाली, लॅक्टेट (शरीराला रक्त-ऑक्सिजन कमी पडलं की रक्तात वाढतं ते) किती होतं, प्लेटलेट्स रोज किती, काही नाही. बर्न सेंटरच्या डॉक्टरांनी पहिल्या तासात तेच मागितलं. म्हणून नवरा परत गेला तर रेकॉर्ड रूमच्या खिडकीतला माणूस म्हणतो, एमएलसी (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस) आहे, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात आमचा काय संबंध, हॉस्पिटलकडे मागा. परत खिडकी, तर साहेबांची सही लागेल आणि साहेब मीटिंगला. आणि फाइल कुठे होती माहितीये? त्याच्याच कोपराखाली. निळी फाइल, वर लाल शाईत एमएलसी, दिराचं आडनाव उलटं वाचता येत होतं, आणि तो त्यावर कोपर टेकून चहा पीत होता. नवरा शांत माणूस आहे म्हणून निभावलं, मी असते तर हात घालून ओढली असती.

तोवर इकडे प्लेटलेट्स ५८ हजार. सर्जनना जळालेली कातडी लवकर काढून वर स्किन लावायची होती, त्यात रक्त भरपूर जातं, आणि हा आकडा सेप्सिसमुळे पडतोय की काय ते कळेना, म्हणून भूलतज्ज्ञ थांबा म्हणाले, अँटिबायोटिक वरच्या दर्जाचं आणि वरच्या दराचं सुरू झालं, ऑपरेशन लांबलं. शेवटी कागद मिळाले तर त्यात आदल्या दिवशीचा आकडा ४१ हजार. म्हणजे ५८ हा चढ होता! मधल्या काळात जखम चिघळली, मांडीवरची स्किन धरली नाही, परत लावावी लागली. त्या उशिरामुळेच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणणार, पण तो कागद पहिल्या दिवशी हातात असता तर एवढं थांबले नसते, हे सर्जनच बोलले.

तुम्ही खिडकीशी वाद घालत बसू नका. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं. एमएलसी असली तरी ओरिजिनल त्यांच्याकडे, झेरॉक्स तुम्हाला. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर तारखेचा शिक्का आणि इनवर्ड (आवक) नंबर घ्याच. अर्जात नुसतं "रिपोर्ट" लिहू नका, नर्सिंग चार्ट, सलाइन-लघवीचा तक्ता, एबीजीच्या (धमनीच्या रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेच्या तपासणीच्या) चिठ्ठ्या असं नावानिशी लिहा. त्या एबीजीच्या चिठ्ठ्या थर्मल कागदाच्या असतात, अक्षरं उडतात, आधी फोटो काढा. लॅक्टेट त्यातच असतं. ते पहिल्या दिवशी किती होतं यापेक्षा एक-दोन दिवसांत २ च्या खाली आलं का याला डॉक्टर जास्त किंमत देतात.

पीसीटीचं तसंच. भाजण्याच्या धक्क्यानेच ते सुरुवातीला वाढू शकतं, इन्फेक्शन नसताना सुद्धा. वाढायचं कारण आटोक्यात आलं की साधारण रोज निम्मं होतं, म्हणून १५ वरून ८ आणि ३ वरून ८ यात जमीन-अस्मानाचा फरक. सीआरपी (सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारं प्रोटीन) बर्नमध्ये सगळ्यांचंच वाढलेलं, मी तर नंतर बघायचंच सोडलं. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी दिसेल, रक्तवाहिन्यांतून झिरपून जातं, घाबरू नका. आणि पांढरं मलम लावत असतील (सिल्व्हर सल्फाडायझिन) तर पांढऱ्या पेशी दोन-तीन दिवसांत एकदम खाली येऊ शकतात, बहुतेक वेळा आपोआप सावरतात, पण राउंडला विचारून घ्या.

जमलं तर रोजचे रिपोर्ट एकाच लॅबचे असू द्या. वहीत तारीख, वेळ, आकडा असा तक्ता करा आणि बाजूला त्या दिवशी रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट्स चढवल्या का ते लिहा, नाहीतर पिशवीमुळे वाढलेला आकडा बघून घरचे पेढे वाटतील. खर्चासाठी जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आजच जा, बर्न्स त्यात बसतं. स्किन कमी पडली तर स्किन बँकेचं विचारा, मुंबईत सायनला २००० पासून आहे, नवी मुंबईत ऐरोलीलाही आहे, पण ते सर्जनमार्फतच होतं, तुम्ही धावू नका.

कागद मिळाले की प्लेटलेट्स आणि पीसीटीचे चारही दिवसांचे आकडे इथे टाका. बाबांचं नाव आणि केस नंबर झाका, तारीख-वेळ मात्र झाकू नका.