बहिणीचं लग्न मे महिन्यात गावच्या घरी करावं का?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात सगळं गोत गावी जमणारच आहे, तर बहिणीचं लग्न तिथेच घरासमोर करावं की तालुक्याच्या ठिकाणी हॉल घ्यावा. घरी करा. फक्त पत्रिका छापायला देण्याआधी विहिरीत डोकावून या.

आमच्या ताईचं लग्न २०१८ च्या मे महिन्यात गावी झालं. गाव कणकवलीच्या बाजूचं. बाबा डोंबिवलीत हॉल बघत होते. आजीने फोनवर एवढंच सांगितलं, "नातीचा लगीन माझ्या खळ्यात होवक व्हया." खळं म्हणजे घरासमोरचं अंगण. बाबांनी त्याच संध्याकाळी हॉलवाल्याला नाही म्हणून कळवलं.

त्या वर्षी १६ मेपासून अधिक ज्येष्ठ लागत होता. अधिकात लग्नं होत नाहीत, म्हणून मे महिन्याचे सगळे मुहूर्त पहिल्या पंधरवड्यात आले होते. भटजी, आचारी, वाजंत्री, पाण्याचा टँकर, सगळं सगळ्यांना त्याच दिवसांत हवं होतं. २०२६ सालीही १७ मेपासून अधिक ज्येष्ठच आहे. तुमची तारीख त्याच्या आसपासची असेल तर माणसं आधी ठरवा, खरेदी नंतर.

गाडीचंही तसंच. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते. धाकट्या काकांनी शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून शुक्रवारचं तिकीट काढलं, आणि चौघं बॅगा घेऊन दादरला पोचले तेव्हा त्यांची गाडी आदल्या रात्रीच गेलेली. मिळेल त्या एसटीने धक्के खात ते हळदीच्या सकाळी खळ्यात उतरले. काकीने पाणीसुद्धा न पिता पदर खोचला आणि नारळ खवायला बसली. आपल्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला तिकिटावरची तारीख वाचून दाखवायला सांगा.

आता पाण्याचं. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण आमचा जांभा दगड ते पाणी धरून ठेवत नाही. डोंगरउतारावरून ते व्हाळाला, म्हणजे ओढ्याला जातं, व्हाळातून खाडीला. मे उजाडला की बावीच्या, म्हणजे विहिरीच्या तळाशी जेमतेम कळशी बुडेल एवढंच पाणी उरतं. दोन घरची माणसं त्यात भागवतात. आमच्या घरात तेव्हा त्रेचाळीस माणसं राहत होती, त्यांत आम्ही चुलत, आते, मामे मिळून सतरा भावंडं. लग्नाला साडेतीनशे पानं व्हायची होती. आचाऱ्याने सांगितलं, स्वयंपाक, पिणं आणि हात धुणं मिळून तीन हजार लिटर तरी लागेल. टँकर ठरला होता. हळदीच्या संध्याकाळी टँकरवाल्याचा फोन आला की जमणार नाही.

बाबा ओट्याच्या पायरीवर खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

माटव, म्हणजे मांडव घालायला सकाळपासून सगळी वाडी होतीच. झावळांची चुडतं विणताना, खळं सारवताना कोणाला बोलवावं लागलं नव्हतं. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं तेव्हा "व्हय म्हाराजा" म्हणायला शंभरेक गळे होते. आता पाण्याचं कळल्यावर खालच्या अंगाच्या घरातली एक आजी काठी टेकत वर आली. त्यांची बाव व्हाळाच्या कडेला, म्हणून तिला त्यातल्या त्यात पाणी. ती बाबांना म्हणाली, "आजची आमची पाळी तुमका. चेडवाचा लगीन काय एकट्या तुमचा हा?"

रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत आम्ही पाणी ओढलं. रहाटावर दोघं, तिथून चढणीच्या पायऱ्यांवर हाताहाती कळश्या. एका ओळीत मुंबईचे चुलतभाऊ, वाडीतले मुलगे, आत्या, आणि हळदीची साडी बदलून आलेल्या दोन मावशा. तळ लागला की थांबायचं, झरा भरेपर्यंत वाट बघायची, मग पुन्हा दोर सोडायचा. त्या थांबण्याच्या वेळात कोणीतरी माळ्यावरच्या आढीतले हापूस आणले. अंधारात व्हाळाच्या काठावर बसून आम्ही ते चोखून खाल्ले. शेवटचं पिंप भरलं तेव्हा कोंबडा आरवत होता.

सकाळी वऱ्हाड कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून आलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि आम्ही सांगितलंही नाही. पानात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, फणसाची भाजी, वरणभात, खीर आणि सोलकढी होती. कोल्हापूरच्या माणसांनी सांबारं तीन तीनदा मागून घेतलं, हे आचारी आजही सांगतो.

लाजाहोमात नवरीच्या ओंजळीत लाह्या भावाने घालायच्या असतात. माझे दोन्ही तळवे दोराने सोलून निघाले होते. ताईने लाह्या घ्यायला ओंजळ पुढे केली आणि तिची नजर माझ्या हातांवर गेली. ती हळूच म्हणाली, "काय झालं रे हे?" मी म्हटलं, "नंतर सांगतो." तिला सगळं कळलं होतं, कारण आदल्या रात्री आतल्या खोलीत ती जागीच होती, रहाटाचा आवाज ऐकत. मंगलाष्टकांना न रडलेली ताई तिथे रडली. भटजी मंत्र थांबवून क्षणभर गप्प राहिले. कानपिळीच्या वेळी भावोजींचा कान मी अगदी हलकेच धरला, हातात जोरच नव्हता.

म्हणून सांगतो, घरी करा, पण आधी वाडीत प्रत्येक घरी जाऊन बसा. टँकर दोघांना सांगून ठेवा, पिंपं तीन दिवस आधी भरा, उन्हात माणसांना जागा पुरेल एवढी सावली धरा. आणि ज्यांच्या विहिरीचं पाणी घ्याल त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी घरच्या मोठ्या माणसाने जायचं. आमची आजी लाडवांचा डबा घेऊन वाडीतल्या आठही घरी स्वतः चालत गेली होती. तेव्हा तिचं वय एक्याऐंशी.

जूनमध्ये पाऊस लागला. त्या वर्षी आजीने पहिला फोन डोंबिवलीला केला नाही, कोल्हापूरला ताईच्या सासरी केला. "बावीक पाणी इला गो," एवढंच सांगून ठेवला.