विचारा तर खरं : परदेशवारी आणि पैसे

प्रश्न : आम्ही सहा जण व्हिएतनामला चाललोय. डॉलर जळगावात घ्यावेत की मुंबई विमानतळावर? किती न्यावेत? (भुसावळ)

उत्तर : विमानतळावर नकोच. गिऱ्हाईकाला दुसरीकडे जायला वेळ नाही, हे तिथल्या काउंटरला पक्कं ठाऊक असतं आणि दर तसाच लागतो. बँकेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे आठ दिवस आधी सांगून ठेवा. लहान शाखांना नोटा मागवाव्या लागतात. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट जवळ ठेवा. पन्नास हजार रुपयांपर्यंत रोख चालते, त्यापुढे चेक किंवा खात्यातून. पावती जपून ठेवा.

नियमाने माणशी एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंत नोटा नेता येतात. हॉटेल आधीच भरलेलं असेल तर आठवड्याला माणशी तीन-चारशे आमच्या मते पुरे. १०० च्याच नोटा मागा, त्यांना तिकडे भाव बरा मिळतो. नोट कोरी हवी. शिक्का, पेनचा आकडा किंवा चीर दिसली की बदलून देणारा मान हलवतो, म्हणून काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून पाहा.

हनोईत सराफी पेढ्यांवरही डॉलर बदलतात, जळगावकरांना हे ऐकून बरं वाटेल! पण परवाना असलेली पेढीच निवडा; बिनपरवान्याचा व्यवहार तिथे बेकायदा आहे. १०० डॉलरचे अंदाजे २५-२६ लाख डोंग (व्हिएतनामचं चलन) हातात येतात आणि खरी फसगत इथून पुढे होते. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळीच. पहिली साधारण ६५ रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर. प्लॅस्टिकच्या असल्याने नव्या नोटा एकमेकींना चिकटतात. संध्याकाळी टॅक्सीत बसल्यावर शून्यं मोजत बसू नका. ५ लाखांच्या नोटा सकाळीच वेगळ्या कप्प्यात टाका.

प्रश्न : मुलगा म्हणतो रोख नकोच, कार्ड पुरे. खरं का? (शिरपूर)

उत्तर : अर्धं खरं. फुटपाथवरच्या टपरीला आणि बाजारात रोखच लागते. शिवाय २०२० पासून नवं कार्ड परदेशी वापरासाठी बंदच असतं; बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करा, मर्यादाही ठरवा. बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार, आणि त्यावर जीएसटी बसतो.

याहून मोठा खड्डा मशीनच्या एका प्रश्नात असतो : पैसे रुपयांत कापू की डोंगमध्ये? आपला हात आपसूक रुपयांकडे जातो. तसं केलं की दर तुमची बँक ठरवत नाही. मशीनमागची कंपनी आपला नफा घालून ठरवते. दरवेळी डोंगच निवडा. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही रूपांतर नाकारा. एटीएमची फी दर खेपेला लागते, त्यामुळे थोडे थोडे काढू नका.

हॉटेल अनामत मागेल तेव्हा क्रेडिट कार्ड पुढे करा. फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधीच परकी चलन भरून नेलेल्या कार्डावर, तेवढी रक्कम अडकते आणि सुटायला कित्येक दिवस जातात. ओटीपी येतो भारतीय नंबरवर, तेव्हा सिमचं रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या.

प्रश्न : पैसे अंगावर कुठे ठेवावेत? (नंदुरबार)

उत्तर : जुन्या बंडीच्या चोरखिशाला अजून तोड नाही. तो नसेल तर कपड्यांच्या आतला कंबरपाऊच. दिवसाचा खर्च पुढच्या खिशात ठेवा. पाऊच चारचौघांत उघडायचा नाही, खोलीतच. दोन बँकांची दोन कार्डं दोघांकडे द्या. चेक-इन बॅगेत एक नोटही नको. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणार असाल तर पाऊच गाडीत चढण्याआधीच बांधा. कार्ड हरवल्यावर बँकेचा १८०० चा नंबर परदेशातून बऱ्याचदा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून न्या.

उरलेले डोंग तिथेच बदला, इथे गिऱ्हाईक मिळणं अवघड. डॉलर उरले तर २,००० पर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत बँकेला परत.