जुना कॅमेरा भंगारात काढण्याआधी

दिवसा नीट चालणारा सीसीटीव्ही कॅमेरा अंधार पडला की बंद-चालू होत असेल, तर लगेच कॅमेऱ्यावर खापर फोडू नका. रात्री इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट जास्त खेचला जातो आणि थकलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर तिथेच मान टाकतो. व्होल्टेज मोजायला मीटर लावायचा तो रात्री, लोड असताना, आणि कॅमेऱ्याच्या टोकाला. अडॅप्टरपाशी १२ दिसले म्हणून खूश होऊ नका.

पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) असेल तर आधी आरजे-४५ कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग बघा. पाणी शिरलं की पिना हिरव्या पडतात. घासत बसू नका. कापून नवा क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा) आणि कॅमेऱ्याच्या अलीकडे केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. केबल १०० मीटरच्या आत हवी. तांब्याचा नुसता मुलामा असलेली अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर माझा तिच्यावर काडीचा भरवसा नाही.

दिवसा चित्र गुलाबी दिसतंय? बहुतेक आयआर-कट फिल्टर (दिवसा इन्फ्रारेड अडवणारी, लेन्समागची सरकती काच) अडकलाय. टिचकी मारून कधीकधी सुटतो, पण पुन्हा अडकतोच.

फर्मवेअरचे (आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट येणं बंद झालेला कॅमेरा थेट इंटरनेटवर ठेवूच नका. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येणारी वाट, काढा. आणि हो, रीसेट करण्याआधी सेटिंग्जचे फोटो काढून ठेवा.