अब्बाच्या लाइव्ह ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करावी की अप्रकाशित गाण्यांपासून?

आपण मडगावहून तीन गोष्टी विचारल्या आहेत. अब्बा या स्वीडिश पॉप संघाचे सगळे अल्बम ऐकून झाल्यावर त्यांच्या जलशांची ध्वनिमुद्रणे आणि कधीच बाहेर न आलेली गाणी ऐकायची असतील तर सुरुवात कुठून करावी, फक्त तुकड्याच्या रूपात बाहेर आलेले त्यांचे 'जस्ट लाइक दॅट' हे गाणे संपूर्ण स्वरूपात कधी मिळेल का, आणि एका विक्रेत्याने देऊ केलेला 'अप्रकाशित गाण्यांचा' पेनड्राइव्ह विकत घ्यावा का. मी म्हापशाचा. आमच्याकडे जुन्या पॉप संगीताचे वेड असलेल्या चार मंडळींची अधूनमधून बैठक होते आणि तिथे या विषयावरून नेहमीच खडाजंगी होत असल्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

माझे मत आधीच सांगतो. अब्बाच्या बाबतीत अप्रकाशित गाण्यांच्या मागे लागण्यापेक्षा लाइव्ह ध्वनिमुद्रणे आधी ऐकावीत. स्टुडिओत कोंडून घेऊन आवाजावर आवाज चढवणारा संघ अशी त्यांची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. त्यांचे ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटो एकच ओळ पुन्हा गाऊन घेत, फितीचा वेग किंचित बदलून ती पहिल्या आवाजावर बसवत, आणि त्यातून तो दाट, चकचकीत नाद तयार होई. पण या दाटपणामुळे संघातल्या दोन गायिका आग्नेथा आणि फ्रिडा यांचे गळे एकमेकींपासून किती वेगळे आहेत, हे स्टुडिओतल्या गाण्यांत पुष्कळदा झाकले जाते. रंगमंचावर ती सोय नव्हती. तिथे जे होते ते उघडे होते, आणि ते उत्तम होते.

म्हणून पहिल्यांदा 2014 साली प्रसिद्ध झालेला 'लाइव्ह ॲट वेम्बली अरेना' घ्या. 1979 च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या वेम्बली अरेनात अब्बाचे लागोपाठ सहा कार्यक्रम झाले आणि त्यांतल्या 10 नोव्हेंबरच्या रात्रीचे हे ध्वनिमुद्रण आहे. संघातले बेनी अँडरसन यांचा मुलगा लुडविग याने ते सिद्ध केले. त्याचे मोठे पुण्य असे की, त्याने त्यात फारशी ढवळाढवळ केली नाही. सुरुवातीला 'गामाल फेबोडसाल्म' ही स्वीडिश लोकपरंपरेतली धून येते आणि तिच्या शांततेतून संघ एकदम 'वूले व्हू'वर उडी घेतो. रट्गर गुनारसन यांचा बास इथे नीट कान देऊन ऐका, कारण अल्बममध्ये जो बास तालाच्या खाली दबलेला वाटतो तोच इथे सगळे गाणे ओढून नेतो. 'ईगल' मध्ये लासे वेलँडर यांची गिटार मोकळी सुटते. 'आय हॅव अ ड्रीम'च्या वेळी मुलांचे समूहगान येते. त्या दौऱ्यात ठिकठिकाणी स्थानिक मुलांनाच मंचावर बोलावण्याची पद्धत होती, त्यामुळे त्या आवाजात थोडे कच्चेपण आहे आणि मला ते स्टुडिओतल्या रूपापेक्षा जास्त आवडते.

याच अल्बममध्ये एक गाणे असे आहे की, ज्यामुळे आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकत्र येतात. 'आय'म स्टिल अलाइव्ह' हे गाणे आग्नेथाने स्वतः चाल लावून, पियानोवर बसून त्या दौऱ्यात गायले. शब्द तिचे पती आणि संघातलेच ब्यॉर्न उल्वेउस यांचे होते, आणि त्या दोघांनी विभक्त होत असल्याचे त्याच वर्षाच्या सुरुवातीला जाहीर केले होते. अब्बाने ते कोणत्याही स्टुडिओ अल्बममध्ये घेतले नाही. पुढे याच चालीवर स्वीडिश शब्द बसवून दुसऱ्या एका गायिकेने ते ध्वनिमुद्रित केले, पण आग्नेथाच्या आवाजातले गाणे पस्तीस वर्षे फक्त प्रेक्षकांत बसून केलेल्या खरखरत्या कॅसेटींवर जगले. आमच्या बैठकीतले एक काका जन्मभर जहाजावर नोकरी केलेले तारवटी. त्यांच्याकडे अशी एक कॅसेट होती, प्रतीची प्रत, आणि गोव्याच्या पावसाळ्याने तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके उठवलेले. आपल्याकडच्या दमट हवेत चुंबकीय फीत टिकवणे म्हणजे काय दिव्य असते, हे ज्यांच्या घरी नाट्यगीतांच्या जुन्या कॅसेटी आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. त्या कॅसेटवर आग्नेथाचा आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत. 2014 चे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर काकांनी ती कॅसेट टाकून दिली नाही, पण लावणे मात्र बंद केले.

1986 साली आलेला 'अब्बा लाइव्ह' मात्र शेवटी ऐका, किंवा ऐकूच नका. त्यात 1977 चा ऑस्ट्रेलिया दौरा, 1979 चे वेम्बली आणि 1981 साली स्टॉकहोममध्ये डिक कॅव्हेट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी झालेले गायन, असे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे एकत्र केले आहेत, आणि वर त्या काळच्या फॅशनप्रमाणे ढोलांचा आवाज बदलून, सगळे घासूनपुसून गुळगुळीत केले आहे. तीन सभागृहे एकाच सभागृहासारखी वाजतात, हाच त्याचा दोष. तरी 'टू फॉर द प्राइस ऑफ वन' साठी तो जवळ असावा, कारण ते गाणे ज्या 'द व्हिजिटर्स' अल्बममध्ये आहे तो बाजारात येण्याच्या काही महिने आधी त्यांनी ते प्रेक्षकांसमोर गायले होते.

जे खरोखर हरवल्यासारखे आहे, ते 1977 चे. त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दोन कार्यक्रम झाले. त्यांच्या साधारण 11 हजार तिकिटांसाठी 35 लाख अर्ज आले होते, अशी नोंद आहे. मार्चमध्ये संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा सुरू झाला आणि सिडनीच्या पहिल्या कार्यक्रमात धो धो पाऊस कोसळला, मंच निसरडा झाला आणि फ्रिडा घसरून पडली, तरी कार्यक्रम थांबला नाही. लासे हॉलस्ट्रम यांच्या 'अब्बा: द मूव्ही' मध्ये या दौऱ्याची दृश्ये आहेत, पण एका संपूर्ण रात्रीचे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे आजवर आलेले नाही. या दौऱ्यात प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी 'द गर्ल विथ द गोल्डन हेअर' नावाची चार गाण्यांची छोटी संगीतिका सादर होत असे. त्यांतली 'थँक यू फॉर द म्युझिक', 'आय वंडर' आणि 'आय'म अ मॅरिओनेट' ही तीन गाणी पुढे स्टुडिओत गाऊन 'द अल्बम'मध्ये आली. चौथे 'गेट ऑन द कॅरोसेल' मात्र बाहेरच राहिले आणि त्याचा एक तुकडा 'होल इन युअर सोल'च्या मधल्या भागात वापरून टाकण्यात आला. चित्रपटात त्याची झलक तेवढी मिळते. सिडनीत गायलेले 'आय वंडर' तर 'द नेम ऑफ द गेम'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच वर्षी आले होते, म्हणजे फिती आहेत आणि त्या वाईटही नाहीत.

आता अप्रकाशित गाण्यांकडे येतो. इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. संघाची गाणी रचणारे बेनी आणि ब्यॉर्न यांची पद्धत काटकसरी गृहिणीसारखी होती, उरलेले काहीही वाया जाऊ द्यायचे नाही. 1978 मध्ये गायलेले 'ड्रीम वर्ल्ड' त्यांनी बाजूला ठेवले, पण त्यातला मधला भाग उचलून पुढच्या वर्षी 'डझ युअर मदर नो'मध्ये बसवला. 'बेबी' नावाच्या कच्च्या गाण्यातून 'रॉक मी' झाले. 'चिकिटिटा'ला शेवटचे शब्द मिळण्याआधी तीच चाल निराळ्या शब्दांत आणि निराळ्या नावांखाली गाऊन झाली होती. त्यामुळे यादीत जे 'अप्रकाशित गाणे' म्हणून दिसते ते बऱ्याचदा एखाद्या ओळखीच्या गाण्याचे आधीचे रूप असते, किंवा ज्याचा गाभा काढून घेतला आहे असे उरलेले टरफल असते. दडवून ठेवलेला खजिना समजून ऐकायला बसलात तर निराशा होईल. गाणे कसे घडते ते पाहायला बसलात तर मात्र रात्र पुरणार नाही.

यासाठी 1994 चा 'थँक यू फॉर द म्युझिक' हा चार सीडींचा संच मिळवावा. त्यात 'पुट ऑन युअर व्हाइट सोम्ब्रेरो' आणि 'ड्रीम वर्ल्ड' संपूर्ण आहेत, 'समर नाइट सिटी'चे लांब प्रास्ताविकासह रूप आहे, आणि 'अब्बा अनडिलीटेड' नावाची सुमारे 23 मिनिटांची माळ आहे. या माळेत 'स्कारामूश', 'बर्निंग माय ब्रिजेस', 'रबर बॉल मॅन', 'फ्री ॲज अ बम्बल बी', 'हॅम्लेट थ्री' अशा पंधराएक गाण्यांचे तुकडे एकापाठोपाठ येतात. एखादी चाल कानात बसते न बसते तोच ती तोडून पुढची सुरू होते, हा प्रकार काहींना चीड आणतो. मला स्वतःला 'रबर बॉल मॅन'च्या बाबतीत ती चीड अजून येते. पण संघाने एवढे तरी बाहेर काढू दिले, हेच नवल, कारण अपुरे काम लोकांपुढे ठेवायला बेनी आणि ब्यॉर्न यांनी नेहमीच नकार दिला आहे. 2012 मध्ये 'द व्हिजिटर्स'च्या नव्या आवृत्तीत 'लाइक ॲन एंजल पासिंग थ्रू माय रूम' हे गाणे टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले ते दाखवणारा एक तुकडा जोडला गेला. तो तर शिकणाऱ्याने वही घेऊन ऐकावा असा आहे.

'जस्ट लाइक दॅट' 1982 च्या मे महिन्यात गायले गेले. त्याच सुमारास केलेल्या गाण्यांपैकी 'यू ओ मी वन' त्याच वर्षी 'अंडर अटॅक'च्या मागच्या बाजूला आले आणि 'आय ॲम द सिटी' 1993 मध्ये 'मोअर अब्बा गोल्ड'मध्ये आले, पण 'जस्ट लाइक दॅट'वर बेनी आणि ब्यॉर्न यांचे समाधान झाले नाही. 1985 मध्ये त्यांनी ते जेमिनी या बहीणभावाच्या जोडीकडून गाऊन घेतले आणि 1994 च्या माळेत मूळ गायनाचा तुकडा तेवढा दिला. पूर्ण गाण्याच्या प्रती संग्राहकांत फिरत असतात, हे खरे आहे. ते अधिकृतपणे कधी येईल का, तर 'जस्ट अ नोशन'चे उदाहरण पाहून मी 'नाही' म्हणणार नाही. ते 1978 चे गाणे, 1994 मध्ये त्याचा तुकडा आला, आणि 2021 च्या 'व्हॉयेज' अल्बममध्ये मूळचेच आवाज ठेवून साथसंगत नव्याने वाजवून ते पूर्ण गाणे म्हणून आले. म्हणजे आले तरी ते फितीवर होते तसे येईलच असे नाही.

आमच्या बैठकीत इथेच वाद पेटतो. एक पक्ष म्हणतो की, एवढ्या वर्षांनी कलाकाराने लाजायचे काय कारण, सगळे खुले करावे. दुसरा पक्ष केरीच्या गायिका केसरबाईंचा दाखला देतो. त्या ध्वनिमुद्रण आणि रेडिओ यांपासून किती जपून राहिल्या, ते गोव्यात कोणाला ठाऊक नाही? आणि तरीही त्यांच्या खासगी मैफलींच्या फिती रसिकांनी हातोहात फिरवल्याच, त्या नसत्या तर आपण कशाला मुकलो असतो तेही आपल्याला माहीत आहे. मी दोन्ही पक्षांचे थोडे थोडे मानतो. मैफल लोकांसमोर झालेली असते, तिच्यावर ऐकणाऱ्याचा काही हक्क पोहोचतो, म्हणून 1977 च्या फिती उघडाव्यात असे मला तीव्रतेने वाटते. बंद खोलीत अर्ध्यावर सोडलेली चाल ही मात्र ज्याची त्याची. तिच्यासाठी मी हट्ट धरणार नाही.

राहिला पेनड्राइव्ह. पैसे देऊ नका. अशा संग्रहांत जे असते त्यातले बरेचसे वर सांगितलेल्या संचातूनच उचललेले असते, काही रसिकांनी तुकडे जोडून घरी 'पूर्ण' केलेले असते, आणि हल्ली संगणकाकडून आग्नेथा आणि फ्रिडाच्या आवाजांची नक्कल करवून घेतलेली गाणीही त्यात बेमालूम मिसळतात. विक्रेता ऐकू देत असेल तर 'लाइव्ह' म्हणून दिलेले एखादे ओळखीचे गाणे लावा आणि शेजारी मोबाइलवर त्याचे स्टुडिओतले रूप लावा. श्वास घेण्याच्या जागा तंतोतंत जुळल्या, आवाज तसाच दुहेरी ऐकू आला आणि टाळ्यांमध्ये तीच शिट्टी पुन्हा पुन्हा ठरावीक अंतराने येत राहिली, तर ते स्टुडिओतल्या गाण्यावर टाळ्या चिकटवलेले आहे, असे खुशाल समजा. 'गेट ऑन द कॅरोसेल' संपूर्ण आहे असे तो म्हणत असेल तर ते एकदा जरूर ऐकून घ्या. त्यात पावसाचा, गर्दीचा, मंचावरच्या गडबडीचा आवाज असेल तर ती कोणा प्रेक्षकाची खरी कॅसेट असू शकते, आणि तसे असेल तर मला इथेच कळवा.