चक्रीवादळानंतर गावाला औषधांची पेटी पाठवायची आहे, त्यात काय भरावं?

तुमचं मंडळ ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या गावाला पेटी पाठवतंय म्हणता. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य सेवक होतो, आता निवृत्त. आमच्याकडे समुद्र नाही, पण बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की पाऊस छत्तीसगड ओलांडून येतो आणि पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडची वाट बंद. तेव्हा वादळाचं नाही, पाणी ओसरल्यावरचं सांगतो.

एका पुरानंतर आमच्याकडे पेटी आली. उघडली तर खोकल्याची सिरपं आणि मुदत संपत आलेल्या सर्दीच्या गोळ्या. समोर एक म्हातारी उभी. पदराची गाठ सोडून तिनं बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवलं, "सरल्या ना जी, आठ दिस झाले." घर सोडताना माणसं पोरं घेतात, शेळ्या घेतात, गोळ्या फडताळातच राहतात. बीपी, शुगर, फिट, टीबी, सगळ्यांचे डोस तुटतात. आमच्याकडे त्यात सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. भिजलं, गारठलं, अंगातलं पाणी कमी झालं की त्या पेशंटच्या हाडांत असह्य कळा सुरू होतात. म्हणून आधी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा आणि नेहमीच्या औषधांची यादी मागा. त्याशिवाय एक गोळीही विकत घेऊ नका.

ओआरएस मात्र डोळे झाकून पाठवा, मुलांच्या जुलाबासाठी झिंकच्या गोळ्याही (त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायच्या असतात). पण विहीर गढूळच राहिली तर ओआरएस किती पुरणार? टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, ताजी हवी. आमची गोणी ओलसर जागेत पडून होती. उघडली तर नाकाला झोंबलीच नाही, तेव्हाच ओळखलं की क्लोरीन उडून गेलंय. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे नळीत थोडं पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे.

1999 च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा तापाचा आजार पसरला होता. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून तो पायांच्या जखमांवाटे शिरतो. गमबूट पाठवा. त्याच्या गोळ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या, गर्भार बाईला त्या चालत नाहीत. सापाच्या विषावरच्या लसीचंही तेच. ती पेटीत नको, कुठल्या दवाखान्यात आहे तेवढं गावाला माहीत हवं.

आणि सगळे पैसे पहिल्याच पेटीत घालू नका. साचलेल्या पाण्यात डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, मलेरिया-डेंग्यूचा ताप त्याच्याही नंतर येतो. तोवर मदतवाले परत गेलेले असतात. दुसरी पेटी पंधरवड्यानं पाठवा, मच्छरदाण्यांची. सोबत दोरी आणि खिळे द्या. आम्हाला आल्या होत्या त्या बिनदोरीच्या, लोकांनी त्यात मासे धरले.