थालीपीठ डब्यात नको म्हणते? मग नकोच

स्टुटगार्टहून एका आईनं लिहिलंय: नऊ वर्षांची लेक शाळेच्या डब्यात थालीपीठ न्यायला तयार नाही. वर्गात कुणीतरी नाक मुरडलं, तेव्हापासून रोज ब्रेड आणि चीज. 'तिला आपल्या खाण्याची लाज वाटायला लागलीय. काय करू?'

ताई, आधी डब्याचा नाद सोडा. डबा उघडताना पोर तिथं एकटी असते. आपला अभिमान तिच्या पाठीवर लादून पाठवू नका. लाज थालीपिठाची नाही, चारचौघांत वेगळं दिसण्याची आहे. गावाहून पुण्याला शिकायला आल्यावर भाकरी-ठेच्याचा डबा मीही कोपऱ्यात बसून खाल्लाय, आणि तिथं तर सगळे मराठीच होते.

शनिवारची सकाळ मात्र तिच्या ताब्यात द्या. भाजणी तिलाच करायला लावा. आजीला व्हिडिओ कॉल लावून प्रमाण विचारू दे. आजी 'अंदाजे' म्हणणार, आणि खरी मजा तिथूनच सुरू. आजीची वाटी म्हणजे किती ग्रॅम, हे शोधून वहीत लिहिणं लेकीचं काम. आमच्या घरचं प्रमाण: ज्वारी 2 वाट्या, बाजरी 2, तांदूळ 1, हरभरा डाळ 1, उडीद डाळ अर्धी, धने अर्धी, जिरे 2 चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, नाहीतर डाळ तांबूस होईपर्यंत जिरे करपून जातात. तिकडे गिरणी कुठली! भारतीय दुकानातली तयार पिठं मंद आचेवर भाजून एकत्र करा, डाळींऐवजी बेसन आणि उडदाचं पीठ घ्या, धने-जिरे तेवढे घरी भाजून कुटा. खमंगपणा जरा कमी पडतो, पण चालतं.

ती विचारेल, हे पोळीसारखं लाटायचं का नाही? गव्हाच्या पिठाला चिवट धरून ठेवणारं ग्लूटेन ज्वारी-बाजरीत नसतं, म्हणून लाटलं की फाटतं, थापावं लागतं. उडदामुळे थोडा चिकटपणा येतो. एवढंच सांगा. 'आपली थोर परंपरा' वगैरे सुरू केलंत, तर ती हात धुऊन खोलीत निघून जाईल.

ओल्या फडक्यावर तिला थापू द्या. मधली पाच भोकं तिनंच पाडायची, तव्यावर टाकलं की त्यांत थेंब थेंब तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. सुरुवातीचा चरचर आवाज मंदावला, कडा सुटल्या, की उलटायचं. हे कान देऊन ऐकायला मुलांना फार आवडतं. वरून लोण्याचा गोळा. जर्मनीत 'झाउअररामबुटर' म्हणून विरजणाचं लोणी मिळतं, ते आपल्या घरच्या लोण्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं.

एखाद्या शनिवारी मैत्रिणीला बोलवावंसं वाटलं, तर तिचं ती ठरवेल. तुम्ही सुचवू नका. आली, तर तिच्यापुढेही पिठाचा गोळा ठेवा.

पहिलं थालीपीठ फडक्याला चिकटेल, दुसरं तव्यावर मोडेल. ते तुकडे तुम्ही खा. तिसरं तिच्या ताटात वाढा.